आयपॅडवर आकाश मोकळं, काचेसमोर ग्लायडर: ट्रॅफिक अलर्टवर किती विसंबायचं?

पसरणी_घाट

नमस्कार. इथे उडणारे चार-पाच जण आहेत हे माहीत आहे, म्हणून लिहितेय. बाकीच्यांना कंटाळा आला तर खुशाल पुढच्या धाग्यावर जा.

मी सॅन होजेला राहते. आठवडाभर सॉफ्टवेअर, शनिवारी सकाळी क्लबचं भाड्याचं सेस्ना १७२, एका इंजिनाचं छोटं विमान. इथल्याच रीड-हिलव्ह्यू या छोट्या विमानतळावरून उडते. लायसन्स मिळून चौदा महिने झाले, लॉगबुकात ११२ तास. म्हणजे भीती चेपलीय आणि अक्कल अजून यायचीय, असा मधला काळ.

गेल्या शनिवारी हॉलिस्टरला निघाले होते. गिलरॉयच्या पुढे, डोंगरांमधल्या खोऱ्यात आहे. टॉवर नाही. सगळ्यांनी एकाच फ्रीक्वेन्सीवर आपण कुठे आहोत ते सांगायचं आणि समजुतीने उतरायचं. माझं नेहमीचं विमान शंभर तासांच्या तपासणीला उघडून ठेवलेलं, त्यामुळे क्लबने त्याचंच भावंड दिलं. मागच्या खिडकीला सक्शन कपने चिकटवलेला माझा एडीएस-बी रिसीव्हर (विमानं रेडिओवरून आपापला ठावठिकाणा सांगतात, तो ऐकणारी पेटी), मांडीवर आयपॅड, आणि ब्लूटूथवरून हेडसेटमध्ये बोलणारी ती बाई. "ट्रॅफिक, इलेव्हन ओ'क्लॉक, थ्री माइल्स." तिला मी मावशी म्हणते.

मावशी त्या दिवशी जरा जास्तच बोलत होती. मधूनच, विशेषतः मी वळले की, "ट्रॅफिक, सेम अल्टिट्यूड" म्हणायची आणि मान मोडेपर्यंत बघितलं तरी आजूबाजूला कोणी नसायचं. सॅन मार्टिन येईपर्यंत दोनदा घाबरून पार मागच्या काचेतून पाहिलं.

हॉलिस्टर दहा मैलांवर असताना रेडिओवर सांगितलं, पाच मैलांवर सांगितलं. पॅटर्नच्या, म्हणजे उतरण्याआधी धावपट्टीभोवती मारायच्या ठरलेल्या चकरेच्या, उंचीवर येऊन डाउनविंडमध्ये, म्हणजे त्या चकरेच्या धावपट्टीला समांतर बाजूत, ४५ अंशांत शिरत होते. आयपॅडवर दोनच बाण. एक अकरा मैलांवर आणि माझ्यापेक्षा कितीतरी वर, सॅन होजेला उतरणारं मोठं जेट. दुसरा माझ्याच शेपटाला चिकटलेला. मान वर केली तर विंडशील्डवर डावीकडे, वरच्या बाजूला, ओरखडा. नखाने काढावी तशी पांढरी रेघ. सकाळी काच पुसताना हा कसा दिसला नाही असं मनात येतंय तोवर त्या रेघेला पोट फुटलं. ग्लायडर. एका अंगावर कललेला, लांबच लांब पंख, पांढरंशुभ्र पोट माझ्याकडे. मी योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, उजवीकडे फिरवून खाली ढकललं. दोनशे फूट अंतर असेल, चारशे असेल. पंखाच्या टोकाची लाल पट्टी दिसली एवढं सांगते.

त्या ग्लायडरबद्दल मावशी एक अक्षर बोलली नाही.

उतरले, इंजिन बंद केलं, आणि किल्ली काढायला हात स्थिर होईना. माझे वडील एसटीत चालक होते, वाई ते महाबळेश्वर. रात्री त्यांना फोनवर सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, "त्याने हॉर्न दिला नव्हता का?" म्हटलं, बाबा, आता हॉर्न नसतो, स्क्रीन असते. त्यावर ते काही बोलले नाहीत. मग आई फोनवर आली.

तर प्रश्न असा: अकरा मैलांवरचं जेट दाखवणारी यंत्रणा नाकासमोरचं ग्लायडर का दाखवत नाही? माझा रिसीव्हर बिघडलाय, की हे असंच असतं? विमानात पक्की बसवलेली, महागाची यंत्रणा असती तर काही फरक पडला असता का?

खिडकीची_सीट

मी उडत नाही, फक्त प्रवास करतो. पण मोठ्या विमानांत टीकॅस असतो ना, दोन विमानांना "तू वर जा, तू खाली जा" सांगणारा? चरखी दादरीला दोन विमानं हवेत धडकली, त्यानंतर भारतात सक्तीचा केला असं वाचलंय. तोच छोट्या विमानात का बसवत नाहीत? एवढ्या पैशांत कंजुषी कशाला?

उजवा_रडर

ताई, उतरून घरी जाऊन इथे लिहायला आलीस, बरं वाटलं. आता कान उपटतो. डॅलसजवळ वीस वर्षं शिकवतोय, सवय आहे.

तुझ्या रिसीव्हरला डोळे नाहीत, फक्त कान आहेत. जो ओरडेल तोच त्याला कळतो. १ जानेवारी २०२० पासून अमेरिकेत एडीएस-बी आउट, म्हणजे विमानाने स्वतःचा ठावठिकाणा प्रसारित करणं, सक्तीचं झालं हे खरं, पण ते सगळीकडे नाही. मोठ्या विमानतळांभोवतीची हवाई हद्द, त्यांच्याभोवतीचं ३० मैलांचं वर्तुळ, आणि १०,००० फुटांच्या वरचं आकाश, साधारण एवढंच. तुझं रीड-हिलव्ह्यू सॅन होजेच्या मोठ्या विमानतळाच्या परिसरात येतं. हॉलिस्टर त्याच्या पुष्कळ बाहेर. शिवाय ज्यांना मुळात इंजिनावर चालणारी वीजव्यवस्थाच नाही त्यांना, म्हणजे ग्लायडर, बलून आणि काही जुनी विमानं यांना, बऱ्याच ठिकाणी सूट आहे. त्या ग्लायडरने कुठलाही नियम मोडलेला नाही. आणि ग्लायडरला इंजिनवाल्याने वाट द्यायची असते, हे चेकराइडला, लायसन्सच्या परीक्षेला, पाठ केलं असशील.

"पण जमिनीवरचं केंद्र रडारवर दिसणारी विमानंही आपल्याला पाठवतं ना," असं माझे विद्यार्थी म्हणतात. पाठवतं. ते कुणासाठी, ते समजून घे. ज्याचं स्वतःचं आउट चालू आहे त्याच्याभोवती एक चकती कल्पायची, भाकरीसारखी. त्रिज्या १५ मैल, वर ३,५०० फूट, खाली ३,५०० फूट. त्या भाकरीत जे येईल ते तुझ्या नावाने वरती पाठवलं जातं. तुझं आउट चालू नसेल तर तुझी भाकरीच नाही. मग दुसऱ्या कुणाच्या भाकरीतले तुकडे तुला दिसतात आणि तू समजतेस आपल्याला सगळं दिसतंय. त्यातून जमिनीवरचं केंद्र तुझ्या नजरेच्या टप्प्यात हवं. खोऱ्यात, हजार फुटांवर, मध्ये डोंगर असला की संपलं. आणि त्या रडारलाही समोरच्या ट्रान्सपाँडरचं, म्हणजे विमानातल्या आपोआप उत्तर देणाऱ्या रेडिओ-पेटीचं, उत्तर लागतं. ग्लायडरात तो नसेल तर पाठवणार काय, कपाळ?

अमेरिकेत भाषाही दोन आहेत. ९७८ मेगाहर्ट्झवर बोलणारी छोटी विमानं आणि १०९० वर बोलणारी बाकी सगळी. एकमेकांचं थेट ऐकू येत नाही, दुभाषा जमिनीवर बसलेला. तुझा रिसीव्हर दोन्ही भाषा ऐकणारा आहे ना, तेवढं बघून घे. आणि मागच्या उजव्या खिडकीला चिकटवलेला असेल तर पुढून डावीकडून येणाऱ्याचा संदेश इंजिन, पंख आणि तुझं स्वतःचं धड यांना वळसा घालून त्याच्यापर्यंत जायचा आहे.

महागाच्या यंत्रणेचं विचारलंस. पक्की बसवलेली सक्रिय यंत्रणा आजूबाजूच्या ट्रान्सपाँडरला प्रश्न विचारते आणि उत्तरावरून अंतर काढते. जमिनीच्या केंद्राची गरज नाही, हा मोठा फायदा. पण ट्रान्सपाँडर नसलेलं ग्लायडर तिलाही दिसलं नसतं. खिडकीची_सीट, टीकॅसचंही तेच. समोर ट्रान्सपाँडर नसेल तर तुमच्या बोईंगलाही ते ग्लायडर दिसत नाही. वर "चढ, उतर" हा त्याचा हुकूम पाळायला विमानात जोर लागतो. १७२ ला उन्हाळ्यात "चढ" म्हटलं तर ते म्हणतं, बघू. आणि जमिनीजवळ टीकॅस स्वतःच ते हुकूम देणं बंद करतो. पॅटर्न उडतो हजार फुटांवर.

एक प्रकरण सांगतो, मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. १३ मे २०१९, अलास्का, केचिकन. क्रूझवरच्या पर्यटकांना डोंगर-खाड्या दाखवून परतणारी दोन फ्लोटप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारी छोटी विमानं, एक ऑटर आणि एक बीव्हर. छान उजेड होता. साधारण ३,३५० फुटांवर एकमेकांवर आदळली. सोळांपैकी सहा जण गेले. दोन्ही वैमानिकांसमोर ट्रॅफिक दाखवणारा स्क्रीन होता. ऑटरमध्ये आधी जी पेटी होती ती धोक्याची सूचना देत असे. सरकारी कार्यक्रमातून तिच्या जागी नवी, आधुनिक आली, तिच्यात सूचना देण्याची सोयच नव्हती. बीव्हरमधल्या टॅबलेटवरचं अ‍ॅप सूचना देऊ शकत होतं, पण ऑटरकडून उंचीच प्रसारित होत नव्हती, कारण एक कंट्रोल बंद राहिलं होतं. उंची माहीत नाही म्हणून अ‍ॅप गप्प. आणि डोळ्यांचं म्हणशील तर शेवटची अकरा सेकंद बीव्हर ऑटरच्या वैमानिकाला खिडकीच्या खांबाआड होतं. तपास अहवालात "बघा आणि टाळा" या पद्धतीच्या मर्यादा आणि सूचनांचा अभाव, दोन्ही कारणं शेजारी शेजारी लिहिली आहेत.

तुझ्या त्या ओरखड्याबद्दल. जे विमान आपल्याला धडकणार असतं ते काचेवर जागचं हलत नाही, फक्त मोठं होत जातं, आणि तेही शेवटी एकदम. एफएएचा, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाचा, जुना तक्ता आहे: दिसणं, विमान आहे हे कळणं, धडकणार हे उमजणं, ठरवणं, हात हलवणं, विमानाने ऐकणं, सगळे मिळून १२.५ सेकंद. समोरासमोर दोघं शंभर-शंभर नॉटने येत असतील तर तेवढ्यात पाऊण मैलाला थोडं कमी अंतर संपतं. त्या अंतरावर समोरून येणाऱ्या ग्लायडरची जाडी किती, तर तुझ्या नखाच्या रेघेएवढी. तुझी उपमा मी चोरतोय, वर्गात वापरीन.

आणि एक खटकलं. शेपटाला चिकटलेला तो दुसरा बाण. विमान नेहमीचं नव्हतं म्हणतेस. अ‍ॅपमध्ये विमानाचा कोड बदललास का? प्रत्येक विमानाचा ट्रान्सपाँडर आपला वेगळा कोड ओरडत असतो. अ‍ॅपला तो कोड दिलेला असला की ते म्हणतं, हा आपलाच आवाज, सोडून द्या. जुन्या विमानाचा कोड तसाच राहिला असेल तर तुझी मावशी तासभर तुलाच तुझ्यापासून सावध करत होती.

शंका असेल तर एफएएच्या साइटवर विमानाचा नंबर आणि तारीख टाकून त्या उड्डाणाचा एडीएस-बी अहवाल मागव. फुकट आहे, ईमेलने येतो. विमानाचं आउट नीट चाललंय की नाही तेही कळेल.

वैनगंगा

मी गोंदियाकडे शिकवतो. वरच्या चर्चेतलं निम्मं आमच्याकडे लागू नाही. जमिनीवरून ट्रॅफिक पाठवणारी ती भाकरी अमेरिकेची. इथे आमचा भर रेडिओ, टॉवरवरचा माणूस आणि मुलांची मान यांवर. आणि घारी! उन्हं चढली की रनवेच्या टोकाला गरम हवेत पंधरा-वीस घारी चकरा मारतात. घारीला कोण ट्रान्सपाँडर बसवणार? सेस्ना दिसायच्या आधी मुलांना घार दिसायला लागते, मग बाकी सगळं दिसतं.

मी शिकवतो ते असं. काच एकदम झाडू मारल्यासारखी बघायची नाही. दहा-दहा अंशांचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यावर एक सेकंद तरी नजर थांबवायची. फिरत्या डोळ्याला बारीक वस्तू कळत नाही. रिकाम्या निळ्या आकाशात डोळा आपोआप जवळच्या अंतरावर स्थिरावतो, म्हणून मधूनच दूरच्या झाडावर, ढगावर नजर टाकून त्याला लांब पाठवायचं. सेस्नाचे पंख वर आहेत, वळताना ज्या बाजूला जायचं तीच बाजू पंखाने झाकली जाते. वळण्याआधी पंख किंचित उचलून बघायचं. आळस केला की मी मागून वहीने डोक्यात मारतो. म्हणजे मारत नाही, पण वही दाखवतो.

घार_हिंडते

मी पलीकडच्या बाजूचा. हॉलिस्टरलाच ग्लायडर उडवतो, रविवारी. शनिवारचा तो मी नव्हतो, आधीच सांगतो.

"ग्लायडरवाले ट्रान्सपाँडर का लावत नाहीत" हे दर पार्टीत ऐकतो, म्हणून उत्तर तयार आहे. आमच्याकडे इंजिन नाही, म्हणजे अल्टरनेटर नाही. एका छोट्या बॅटरीवर रेडिओ, चढ-उतार दाखवणारा व्हेरिओमीटर, सगळं. चार-पाच तासांच्या उड्डाणात ट्रान्सपाँडर ती चाटून पुसून टाकतो. आमच्यापैकी बरेच जण फ्लार्म लावतात, ग्लायडरांना एकमेकांपासून सावध करणारं यंत्र, स्वित्झर्लंडमध्ये २००४ साली निघालेलं. ग्लायडर घिरट्या घालतं, सरळ जात नाही. फ्लार्म पुढचा वळता मार्ग ओळखून मगच ओरडतं, त्यामुळे एकाच थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत, चार जण असले तरी उगाच बोंब मारत नाही. पण ते फ्लार्मचं फ्लार्मशी. तुमच्या रिसीव्हरला त्याचा पत्ता नाही.

आमचीही चूक असते, ती लपवत नाही. २८ ऑगस्ट २००६, नेवाडा. रिनोकडे उतरणारं हॉकर बिझनेस जेट आणि एक ग्लायडर साधारण १६,००० फुटांवर धडकले. ग्लायडरमध्ये ट्रान्सपाँडर होता. बॅटरी वाचवायला बंद ठेवला होता. ग्लायडरवाला पॅराशूटने उतरला, जेट नाक फुटलेल्या अवस्थेत कार्सन सिटीला पोटावर टेकलं, आणि सगळे वाचले. त्या जेटचे फोटो बघा एकदा. तेव्हापासून मी रिनोच्या बाजूला गेलो तर बटण चालू ठेवतो, मग रेडिओची बॅटरी गेली तर गेली.

पण ताई, एक विचारतो, राग मानू नका. आमच्या क्लबात पॅटर्नमध्ये शिरताना रेडिओवर सांगितल्याशिवाय कोणी येत नाही, नाहीतर संध्याकाळी जाहीर पूजा होते. तुम्हाला "ग्लायडर" असं काही ऐकू आलं नव्हतं का?

खिडकीची_सीट

टीकॅसची माझी कल्पना मागे घेतो. पुढच्या वेळी खिडकीतून ग्लायडर दिसलं तर हवाई सुंदरीला सांगू का?

उजवा_रडर

सांगा. मनापासून सांगतोय. माझ्या विमानात मागे बसणाऱ्या प्रत्येकाला निघण्याआधी तेच सांगतो: विमान दिसलं की बोट दाखव, मला माहीत असेल असं धरून चालू नकोस. सर्वांत चांगला अलर्ट मला एका नऊ वर्षांच्या मुलाने दिलाय.

पसरणी_घाट

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण व्हिडिओ बघायचा धीर होत नव्हता. मागच्या सीटवरून पुढे बघणारा एक छोटा कॅमेरा मी लावते, हेडसेटचा आवाज वायरने त्यात जातो. लेकीला दाखवायला.

काल रात्री पाहिला. ग्लायडर दिसायच्या ३८ सेकंद आधी एक पुरुषाचा आवाज आहे. शांत, म्हाताऱ्या माणसाचा. हॉलिस्टर ट्रॅफिक, ग्लायडर, डाउनविंडला येतोय. शब्द अगदी स्पष्ट. आणि त्याच्या नेमकं वर, त्याच क्षणी, मावशी: "ट्रॅफिक, सेम अल्टिट्यूड, लेस दॅन वन माइल." कॅमेऱ्यात माझं डोकं मागून दिसतं. ते खाली जातं, आयपॅडकडे. सहा सेकंद खाली. वर दोन. परत पाच सेकंद खाली, बोटांनी नकाशा मोठा करून तो शेपटाचा बाण शोधतेय. नंतर तो माणूस आणखी एकदा काहीतरी बोलतो, त्यातलं "सेस्ना" एवढंच कळतं. मी तेव्हा माझं डाउनविंडचं सांगायला बटण दाबलेलं, त्यामुळे बाकीचं कापलं गेलंय. थांबवून थांबवून पाहिलं तर काचेच्या डाव्या कोपऱ्यात शेवटची काही सेकंद ठिपका आहे. जागचा हलत नाही. उजवा_रडर, तुम्ही म्हणालात तसाच.

आणि अ‍ॅप उघडून पाहिलं. कोड जुन्याच विमानाचा. अहवालही मागवला, त्यात या विमानाचं आउट व्यवस्थित आहे, एकही लाल खूण नाही. म्हणजे सबंध उड्डाणभर मी स्वतःलाच शोधत होते.

कोड आता चेकलिस्टवर पेनने लिहून टाकलाय, इंधनाच्या ओळीखाली. रिसीव्हर पुढे डॅशबोर्डवर आणला. पॅटर्नमध्ये शिरायच्या आधी मावशीचा आवाज बंद करायचा की नाही, हे मात्र अजून ठरत नाहीये. तुम्ही काय करता?

घार_हिंडते, बाबांना सांगितलं की त्याने हॉर्न दिला होता. त्या काकांना ओळखत असाल तर माझ्याकडून माफी सांगा. उतरल्यावर आपण होऊन त्यांच्याकडे जायला हवं होतं, पाय निघाले नाहीत.

उजवा_रडर

आवाज मी चालू ठेवतो, पण पाच मैलांच्या आत आयपॅड उलटा, मांडीवर पालथा. ती बोलली तर बाहेर बघायचं, तिच्याकडे नाही. ऑडिओ पॅनलवर रेडिओ मोठा, ती बारीक. काही हेडसेटमध्ये रेडिओ आला की ब्लूटूथ आपोआप दबतं, तशी सेटिंग आहे का बघ.

घार_हिंडते

रविवारी विचारलं. ओळखतो त्यांना, वयाची सत्तरी उलटलीय, आमच्याकडे ग्लायडर ओढून वर नेणारं टो-प्लेनही तेच चालवतात. म्हणाले, सेस्ना बराच वेळ दिसत होतं. दोनदा सांगितलं, उत्तर आलं नाही, म्हणून मीच आधी वळलो. तुम्हाला त्यांचं पोट दिसलं ते त्यामुळे.

माफीचं सांगितलं. हसले आणि म्हणाले, शनिवारी येईल तेव्हा हँगरवर पाठव, मागच्या सीटवर बसवून फिरवून आणतो.